डब्यातली चिठ्ठी

बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात हात घालून भागूबाईनं चिठ्ठी उचलली आणि न उघडताच मुठीत धरली.

"ए हिरवं लुगडं, उघड की! आत विंचू नाहीये," विराज सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

इंदापूरच्या मंगल कार्यालयात नव्यानं निवडून आलेल्या बायकांचं शिबिर भरलं होतं. दुपारी खोट्या ग्रामसभेचा खेळ. चिठ्ठीत निघेल ते सोंग तासभर निभवायचं. खेळ घेणारे विराज सर पुण्याचे, वय अठ्ठावीस, गळ्यात शिट्टी. सकाळपासून त्यांनी एकाही बाईला नावानं हाक मारली नव्हती.

भागूबाई कळंबजवळच्या एका गावची महिनाभराची सरपंच. सोमवारी खरी ग्रामसभा होती आणि तिथं तिच्याऐवजी दीर बोलणार, असं दिरानंच ठरवून टाकलं होतं. त्याआधी एकदा तरी चार माणसांत तोंड उघडून बघावं, एवढ्यासाठी ती आली होती. वाचता मात्र येत नव्हतं. शेजारी तिच्याच गावची पंचायत सदस्य कौसल्या, सातवी पास. एका मतानं सरपंचपद हुकल्यापासून कौसल्या तिच्याशी कामापुरतंच बोलायची.

दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. भागूबाईनं मूठ तिच्यापुढं उघडली.

कौसल्यानं ती चिठ्ठी वाचली. मग स्वतःची वाचली. चुरगाळून कमरेला खोचली.

"सरपंच निघालंय तुला. जा, बस खुर्चीत."

"आन् तुझं?"

"शिपाई," म्हणत कौसल्या पदर खोचून तांब्या शोधायला गेलीसुद्धा.

सरांनी नेम सांगितला. "सरपंचाला विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. बोलेल तो बाहेर, मग तो कुणी का असेना. डोक्यात शिरलं का?"

शिट्टी वाजली. भागूबाईनं घसा खाकरला.

"तर मंडळी, वस्तीवरच्या नळाचं..."

"अगं मोठ्यानं! मेंढरं हाकताना निघतो ना आवाज?"

घरी पूर्वी मेंढरं होती, हे सकाळी ओळख देताना तिनंच कौतुकानं सांगितलं होतं. दोघीतिघी हसल्या. कौसल्यानं टेबलावर तांब्या ठेवला, जरा जोरातच.

भागूबाईनं पदर सारखा केला.

"मधी कोण बोललं?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"न विचारता कोण बोललं? नाव सांगा."

"अहो, मी बोललो. खेळ मी घेतोय."

"नाव?"

"विराज."

"गावच्या यादीत नाव हाय का तुमचं, विराजराव?"

"नाही, पण..."

"मग आमच्या सभेत कसं बोलता? नेम तर तुमीच सांगितला. शिपाई, पाव्हण्यांना भायेर सावलीला बसवा. पाणी द्या."

सरांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली. तीस बायका त्यांच्याकडं बघत होत्या. शिट्टी खाली आली.

"चला सर, हितं गार वाटतंय," कौसल्यानं दार धरलं.

पुढचा दीड तास नळ झाला, बालवाडीचा पत्रा झाला, दारूच्या गुत्त्यावर तर दोघी हमरीतुमरीवर आल्या. सभा खोटी आहे हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मधेच खिडकीत एक हात वर झालेला भागूबाईला दिसला.

"बोला, विराजराव."

"सरपंचबाई, चहा आलाय. पाठवू का आत?"

"एवढा इषय संपू द्या."

चहा निवला. सर हात खाली घ्यायचंही विसरले होते.

घरी आल्यावर भागूबाईनं पदराची गाठ सोडली आणि चिठ्ठी लेकीपुढं धरली. सई तिसरीत होती.

"वाच बघू, तुझ्या आईला काय निघालं ते."

"शि-पा-ई," सईनं बोट ठेवत वाचलं.

"नीट वाच."

सईनं नीट वाचलं. तेच निघालं.

"म्हंजे सरपंच कौसल्याला निघालं हुतं," भागूबाई चुलीकडं बघत म्हणाली. मग तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि पुन्हा पदराला बांधली.

सोमवारी शाळेच्या ओट्यावर टेबलामागं एकच खुर्ची मांडलेली होती. भागूबाई वर्गात गेली आणि दुसरी घेऊन आली. दीर टोपी नीट करत ओट्याची पायरी चढला.

"भावजी, तुमी खाली बसा," ती म्हणाली.

मग बायकांच्या मागच्या रांगेत बसलेल्या कौसल्याकडं बघत तिनं पदरानं ती खुर्ची पुसायला घेतली.