भिंतीबाहेरची कबर

मी एक जुने दगडी कुंड आहे, बाप्तिस्म्याच्या पाण्याचे. सध्या चर्चच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आड धूळ खात पडलेले.

मित्रांनो, एका पाथरवटाने चार महिने टाकी चालवून मला एकाच काळ्या दगडातून घडवले. पहिला माणूस आदाम याने देवाचा शब्द मोडला आणि ते पाप प्रत्येक बाळाच्या वाट्याला आले, असे फादर सांगत. ते मूळ पाप धुणारे पाणी माझ्यात असे. मला त्याचा केवढा ताठा! गार पाण्याने बाळे किंचाळत, आया हसत आणि रुमालाने माझा काठ पुसत.

एका गुरुवारी भरदुपारी कबरी खणणारा माणूस धापा टाकत आला. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याला मुलगी झाली होती, तीही सातव्या महिन्यातच.

"फादर, पोर निळी पडत चाललीय. लगेच चला, तिला बाप्तिस्मा द्या."

"रविवारी आण. आणखी चार बाळं आहेत, एकदमच उरकू."

अशा वेळी घरातल्या कुणीही पाणी घातले तरी चालते, हे फादरना ठाऊक होते. ते सांगायचे राहून गेले. त्यांचे ताट वाढलेले होते.

शुक्रवारी पहाटे पोर गेली. कबर कुठे खणायची ते विचारायला तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या हातांना माती नव्हती.

"बाप्तिस्मा झाला नव्हता," फादर म्हणाले. "दफनभूमीच्या भिंतीच्या आत तिला पुरता येणार नाही."

"तिनं काय केलं होतं हो? डोळेसुद्धा उघडले नव्हते तिनं."

"तिनं नाही. आदामानं."

"मग आदामाला ठेवा की बाहेर!"

फादरनी मान खाली घातली. पण नियम तोच राहिला. भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला त्याने वीतभर खड्डा खणला.

त्याची बायको एकदाच माझ्यापाशी आली. घरच्यांनी पाणी घातले तरी चालले असते, हे तिला सुईणीकडून कळले होते. पाण्याला तिने बोटही लावले नाही. "मीच घातलं असतं," एवढेच म्हणाली. तीन हिवाळ्यांनी तीही गेली. तिच्याच हट्टाने तिला भिंतीबाहेर पुरले.

फादर थकले. एके दिवशी माझ्या काठाचा आधार घेत त्यांनी कबरीवाल्याला बोलावले.

"माझी कबर बाहेर खण, तुझ्या लेकीशेजारी. पाप माझं होतं."

त्याने त्यांना हात धरून बाकावर बसवले.

"नको, फादर. तिथं माझी माणसं आहेत. तुम्ही आतच बरे."

आणि फादरची कबर त्याने आतच खणली, अगदी मापात.

मग नवे संगमरवरी कुंड आले, मला मागे सारले. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, आदामाचे पाप मी कधी डोळ्यांनी पाहिले नाही. त्या गुरुवारचे मात्र पाहिले, आणि तेव्हा मी काठोकाठ भरलेले होते. माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण हाताशी पाणी असताना दारात आलेल्याला रविवारची वाट पाहायला लावू नका.