टाच कोण बघणार?

बाथटबच्या काठावर बसून, पाय पिळवटून, त्र्यंबक सेफ्टी पिनेनं टाच कोरत होता. स्वतःची टाच स्वतःला धड दिसत नाही, हे त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. काळा काटा हाती लागतोय म्हणेपर्यंत आतच मोडला.

हवाईला गेला कशाला हा शहाणा? सहल दोघांनी ठरवलेली. बायको सुलेखा वारून दोन वर्षं झाली, तरी हट्टानं एकटाच गेला आणि उथळ पाण्यात सी अर्चिनवर, त्या काटेरी गोळ्यावर, पाय देऊन आला. नागपूरला बाभळीचा निघतो तसा हाही निघेल, या भरवशावर अमेरिकेतल्या आपल्या घरी, रेडमंडला, परतला. पण बाभळीचा काटा सुलेखा काढायची. बांगडीतली पिन घ्यायची, पाय मांडीवर ओढायची आणि तोंडाचा पट्टा सुरू.

पाचव्या दिवशी टाच टम्म फुगली, तेव्हा झक मारत क्लिनिकमध्ये गेला. साठीच्या नर्सनं, डोनानं, त्याचा पाय सरळ मांडीवर घेतला. त्यानं चटकन ओढून घेतला आणि तिच्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला.

"आमच्यात मोठ्यांना पाय लावत नाहीत," तो ओशाळून म्हणाला.

"मग मी बघू कसा? द्या इकडे." टाच बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "पिनेनं कोरलंत? हे काटे खडूसारखे ठिसूळ. कोरलं की तुकडे आणखी आत जातात."

गरम पाण्यात पाय शेकून वर आले तेवढे तुकडे तिनं चिमट्यानं काढले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

"एक तुकडा खोल आहे," डोना म्हणाली. "सोसेल इतक्या गरम पाण्यात रोज पाय बुडवा. लाली पसरली तर सर्जन गाठावा लागेल. घरी टाच बघायला कोण आहे?"

"बायको," तो बोलून गेला. स्वतःचाच राग आला त्याला. पण 'कुणी नाही' म्हणणं जिवावर आलं होतं.

त्या संध्याकाळी पाय शेकून झाल्यावर त्यानं टाचेखाली डिजिटल कॅमेरा धरून फोटो काढला. दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक. दोन्ही कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावून तो एकटाच बघत बसला. तेवढ्यात क्लिनिकचा फोन आला.

"काय म्हणतायत मिसेस?" डोनानं विचारलं. "लाली कशी आहे?"

त्र्यंबकनं पुन्हा एकदा दोन्ही फोटो नीट पाहिले.

"कमी झालीय म्हणते."

"छान. छान काळजी घेतायत तुमची. सांगा त्यांना."

"सांगतो," त्र्यंबक म्हणाला.