फॉर्मवरचं 'होय'

शिवकुमार उद्यमनगरातल्या एका कारखान्यात वेल्डिंग करायचा. हात इतका साफ, की जोड कुठं आहे ते बोट फिरवूनही कळू नये. २००४ च्या दिवाळीनंतर मस्कतच्या कंपनीचं बोलावणं आलं. जायच्या आधी विमा काढायचा होता. एजंट हंबीररावांनी दोन कागद पुढं ठेवले. एक नुसता अपघाताचा, सही केली की झालं. दुसरा दवाखान्याचा खर्च देणारा, पण त्याला चार पानी फॉर्म.

"दुसराच घ्या," बायको शांभवी म्हणाली. "परमुलखात आजारी पडलासा तर बघायला कोण हाय?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. शांभवी बारावी शिकलेली, म्हणून लिहायचं काम तिच्याकडं. रविवारी सकाळी ती एकेक प्रश्न वाचू लागली. साखर? न्हाय. दमा? न्हाय.

"फिट, मिरगी?"

शिवकुमार नखानं चटईची काडी उकरू लागला. कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली त्याची आई रत्नव्वा घाईनं म्हणाली, "न्हाय म्हणून लिव्ह की. त्यात इचारायचं काय?"

शांभवीचं पेन थांबलं. ती नवऱ्याकडं बघत राहिली.

न्हाय म्हणणं सोपं होतं. सोळा वर्षांत एकदाही काही झालं नव्हतं. पण मस्कतचं काम तेलाच्या टाक्यांचं होतं, चार-पाच मजले उंच परांचीवर उभं राहून करायचं. गेले आठ दिवस त्याला झोपेत ती परांची दिसत होती.

"येत हुती," तो म्हणाला. "आठव्या वर्षापासनं पंधराव्यापतोर. मिरजेच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी थांबली. लग्नात सांगितलं न्हाय."

"सांगितलं असतं तर सोयरीक जमली असती व्हय?" रत्नव्वा खाली बघूनच बोलली.

शांभवीनं चौकटीत 'होय' लिहिलं, कागद घडी करून फळीवर ठेवले आणि आत गेली. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी जेवण वाढताना म्हणाली, "आजाराचं मला काय वाटलं न्हाय. पण माझ्यासमोर पडला असतासा, तर मला काय कळलं असतं? मी भिऊन नुसती वरडत बसले असते."

शिवकुमारनं हातातला घास परत ताटात ठेवला.

हंबीरराव चिडले. "आरं, आयती नोकरी घालवतोयस." नोकरी गेली नाही. विमावाल्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला आणि पहिलं वर्ष या दुखण्याचा खर्च देणार नाही असं कळवलं. तोच दाखला शिवकुमारनं मस्कतच्या कंपनीलाही पाठवला. कंपनीनं त्याला टाक्यांवरून काढून खाली वर्कशॉपमध्ये घेतलं, कमी पगारावर. तरी तो मस्कतला गेला.

दुसऱ्या वर्षी, मे महिन्यातल्या एका दुपारी, तो वर्कशॉपच्या फरशीवर कोसळला. असं झालं तर काय करायचं, ते शेजारच्या केरळी गड्याला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. गड्यानं मशिन बंद केलं, शिवकुमारला कुशीवर वळवलं. दवाखान्यात आठ दिवस गेले, खर्च विम्यानं दिला. मग कंपनीनं परतीचं तिकीट हातात ठेवलं.

घरी आल्यावर शेजारच्या चिमणाबाई दोघीतिघींना घेऊन भेटायला आल्या. शिवकुमार कॉटवर भिंतीला टेकून बसला होता.

"काय झालतं रं बाबा?"

"ऊन बाधलं," रत्नव्वा म्हणाली. "तिकडं ऊन लई."

चहाचा ट्रे घेऊन शांभवी बाहेर आली. "फिट आली होती, काकू," ती सरळ आवाजात म्हणाली. "ल्हानपणापासनं हाय. मिरजेच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी थांबली होती, त्याच परत चालू केल्यात."

शिवकुमारनं मान खाली घातली. रत्नव्वाचा चेहरा पडला.

मग चिमणाबाईंनी कप उचलला. "माझ्या भावालाबी येतीया," त्या हळूच म्हणाल्या. "आमी कुणाला सांगत न्हाई. त्यो मिरजेचा डॉक्टर अजून बसतोय काय?"

"बसतोय," शिवकुमार म्हणाला, आणि वर बघून त्यानं दवाखान्याचा पत्ता सांगायला सुरुवात केली.