तिसरे कडवे

मी एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका, मला ती चालत नाही. माझ्यात एकच गाणे आहे, लांब रस्त्याचे आणि एकट्या माणसाचे. ‘रडके गाणे’ म्हणून लोकांनी मला खूप नावे ठेवली. ठेवोत बापडे!

मेंढ्यांची लोकर कातरतात त्या शेडमध्ये, पत्र्याच्या टाकीवर ठेका धरून ते गायले गेले. मध्येच एक कुत्रा भुंकतो, तोही माझाच. पेट्रोल पंपावरून क्लॅरी हॅडोने मला उचलले.

क्लॅरी गुरांचा ट्रक चालवी. बार्कलीच्या माळावर दिवसभरात एखादे झाड दिसले तर नशीब. वायरलेसचे बटण दाबून तो मला सगळ्या ट्रकवाल्यांना ऐकवी. ओळ संपली की बटण सोडी, आणि पुढचेमागचे सगळे ती बेसूर उचलत. मी कोणाला एकटे पाडले नाही. एकटेपणा आधीच शेजारच्या सीटवर बसलेला असे. मी त्याला गायला लावले, एवढेच.

मात्र दुसरे कडवे संपले की क्लॅरी मला खटकन बंद करी. तिसऱ्यात तो माणूस घरी पोचतो, स्वयंपाकघरात दिवा असतो.

“हे ऐकलं तर गाडी वळवीन बघ,” तो मला म्हणे. “आणि मागं गुरं तहानलीत.”

क्लॅरी वारला. त्याची मुलगी ब्रॉन ट्रक चालवू लागली. तिने मला कचऱ्याच्या पिशवीत टाकले.

“क्लॅरीची पोर ना तू? लाव की ते गाणं,” क्लॅरीचा जुना सोबती मर्व्ह वायरलेसवर म्हणाला. “रस्ता नुसता खायला उठलाय.”

“मर्व्हकाका, ह्या गाण्यापायीच बाबा कधी घरात टिकले नाहीत.”

“एकदा लाव, त्याच्या नावानं. मग खुशाल फेक खिडकीबाहेर!”

तिने मला पिशवीतून काढून माझ्यावरचा पावाचा चुरा झटकला. पहिली दोन कडवी वाजून वाजून विरली होती, कुत्राही पुसट झाला होता. सगळे बेसूर गायले. कुठे थांबायचे ते ब्रॉनला माहीत नव्हते.

तिसरे कडवे लागले. कोरे करकरीत! जी फीत कधी वाजलीच नाही ती झिजणार कशाने?

ब्रॉनने ट्रकचा वेग कमी केला. “हे कडवं कधी लावलंच नाही? एवढं घाबरत होते बाबा घराच्या आठवणीला?” ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

वायरलेसवर मर्व्ह खाकरला. “अगं, ह्याला शेवट पण आहे होय? इतकी वर्षं गातोय आम्ही!”

“आहे,” ब्रॉन म्हणाली. “पुन्हा लावते. ह्या वेळी तोही गा.”

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. झिजवा मला. पण शेवटपर्यंत वाजवा.