भरदुपारची गोष्ट

प्रेमिलाने ओळीवर बोट ठेवलं आणि वाचणं थांबवलं.

"हूं," रुपराव म्हणाले.

तरी ती पुढे सरकेना. रुपरावांनी प्रुफाच्या गॅलीवरून मान वर केली. लाल पेन्सिल हातात तशीच राहिली.

"वाच ना वं. झोपली का काय?"

"काकाजी, तुमी हूं नका म्हणू."

"काहून?"

"दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते. मी आपली नुसती वाचली तर काही नाई. पण कोणी हूं म्हणलं का ते गोष्ट सांगतल्यासारखंच झालं." तिने मूळ कागदांचा गठ्ठा जरा लांब सारला. "माहा मामा टरक चालवते. रायपूर लाइनवर."

रुपराव हसले नाहीत. नाकातून श्वास सोडला, तेवढंच. त्यांचं हसणं बरीच वर्षं तिथवरच येऊन थांबत होतं.

सदर भागातल्या त्या छापखान्यात प्रुफं तपासायची रीत जुनी होती. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या ओळीशी ताडून पाहायचा आणि ओळ बरोबर असली की हूं म्हणायचं. रुपराव शेतकी खात्याच्या पत्रकांना हूं म्हणत आले होते, पतपेढीच्या अहवालांना हूं म्हणत आले होते. दिवसाकाठी त्यांच्या तोंडून निघणारा दुसरा शब्द शोधावा लागला असता. संध्याकाळी छापखाना सुटला की खानावळीत जेवायचं आणि गड्डीगोदामच्या खोलीवर जाऊन पडायचं. तिथे हूं म्हणायलाही कोणी काही बोलणारं नव्हतं.

आता एका निवृत्त प्राध्यापकांनी देशभरच्या लोककथा मराठीत आणून छापायला दिल्या होत्या. बंगालच्या राक्षसिणीचा जीव भुंग्यात, राजस्थानच्या राजाचा जीव पोपटात. जीव आपल्या अंगात ठेवायला कोणी तयारच नाही. सध्या छत्तीसगढचा कोल्हा आणि कुंभारीण चालले होते.

"मंग मी काय करू?" रुपरावांनी विचारलं.

"पेन्सिल ठोका टेबलावर."

"टोक मोडते. आन् मी सोता मामा आहो. मले तं आजलोक काही झालं नाई."

"तुमचे भाचे कुठं राह्यतात, काकाजी?"

रुपरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला.

"वाच," ते म्हणाले.

प्रेमिला वाचू लागली, पण दबक्या आवाजात. रुपराव मात्र मुद्दाम मोठ्याने हूं म्हणत राहिले. या वयात पोरीसोरींनी आपल्याला शिकवावं हे त्यांना रुचलं नव्हतं, आणि त्याहून तिचा तो प्रश्न टोचत होता.

भाचे काटोलच्या पलीकडे राहत होते. धाकटी बहीण इंदू तिथे दिलेली. थोरल्या भाचीच्या, पुष्पलताच्या लग्नात रुपराव काटोलहून बर्फाची लादी आणायला गेले, येताना बैलगाडीचं चाक निखळलं, आणि ते मांडवात शिरले तेव्हा मुहूर्त गाठण्यासाठी एका चुलत मामाने नवरीचा हात धरून तिला बोहल्याकडे चालवलं होतं. सख्खा मामा दारात, खांद्यावर गळता बर्फ घेऊन. रुपरावांनी लादी तिथेच उतरवली आणि पान वाढून न घेता चालते झाले. कोणीतरी मागे येईल असं त्यांना एसटीत बसेपर्यंत वाटत होतं. पुढे दिवाळी आली, तेव्हाही वाटलं. भाऊबीजेच्या दिवशी ते दिवसभर खोलीत धुतलेले कपडे घालून बसले होते. इंदूने बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि इंदूकडे म्हणे भावाला बोलवावं लागत नाही. दोघं एका आईची लेकरं, हे यावरूनही कळलं असतं.

"काकाजी, तो माणूस पाहा," प्रेमिला हळूच म्हणाली.

दारातल्या वाळ्याच्या ताटीच्या फटीतून रस्त्यापलीकडे एक तरुण दिसत होता. हातात पिशवी, डोक्याला दुपट्टा. वैशाखाच्या उन्हात, सावली सोडून उभा.

"मघा दारापावतर आला होता. मी वाचून राहिली होती, तं आयकलं आन् मागं फिरला."

"पत्रिका छापाची असंन. लगनसराई आहे." रुपराव उठले आणि ताटी बाजूला करून ओरडले, "या ना गा आत. भेजं उकळंन तिथं."

तरुणाने आधी विचारलं, "झालं का वाचणं?"

"थांबलं. या."

तो आत आला. मडक्यातलं पाणी प्रेमिलाने दिलं, ते त्याने उभ्यानेच प्यायलं आणि मिशी पुसून रुपरावांकडे पाहत राहिला.

"पत्रिका घरची का सोयऱ्याची?" रुपरावांनी विचारलं.

"मामा, मी मनोहर. इंदूबाईचा."

रुपरावांच्या डोळ्यांपुढे होता तो मनोहर चड्डी करगोट्याने आवळणारा. मनोहरने वाकून नमस्कार केला तेव्हा काय म्हणायचं ते त्यांना सुचेना, म्हणून ते रागावले.

"उनात काहून उभा होता मंग? दार उघडं होतं."

मनोहर ओशाळला. प्रेमिलाकडे पाहून, पुन्हा मामाकडे पाहून म्हणाला, "ह्या गोष्ट वाचून राहिल्या होत्या. आमच्या घरी दिवसा गोष्ट आयकत नाई. आई आयकूच देत नाई."

"काहून?"

"तुमच्यासाठी."

मनोहरने पिशवी खाली टेकवली.

"पुष्पाच्या लग्नानंतर दिवाळी आली," मनोहर सांगू लागला. "भाऊबीजेले तुमी येसान म्हणून आईनं पाट मांडला होता. शामला तवा एवढीशी. तिनं भरदुपारी गोष्टीचा हट्ट घेतला. आईनं सांगतली, पोरगी उगी राहावी म्हणून. आन् तुमी आले नाई. आमचे बापू म्हणे, रुसला तो. आई म्हणे नाई, माहा भाऊ रुसणारा नाई, वाट चुकला असंन. शामलानं तेच धरलं मनात. आपुन गोष्ट मागतली म्हणून मामा चुकला म्हणून लय रडे. आता मोठी झाली, समजते तिले सारं. पण अजूनबी घरात कोणी दिवसा गोष्ट काढली का उठून जाते. मले तेच वळण लागलं."

रुपराव खाली बसले. समोर कुंभारणीचं गाढव अर्ध्या ओळीत अडकलं होतं, ते त्यांना दिसत होतं आणि दिसत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, तिकडे आपली आठवण निघतच नसेल. आणि निघत असलीच तर नावं ठेवायला.

"शामलाचं लग्न आहे परवा," मनोहर म्हणाला. "आई म्हणे, पत्रिका नको पाठवू, सोता जाय. शामला म्हणते, मामा नसंन तं मी आपल्या पायानं चालत जाईन बोहल्यावर, दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाई." तो थांबला. "काय सांगू तिले?"

रुपरावांनी पेन्सिल बोटांत फिरवली. प्रेमिला कागद सारखे करत होती, ते आधीच सारखे होते.

"सांग, मामा वाट चुकला होता, हे खरं आहे," शेवटी ते म्हणाले. "पण तिच्या गोष्टीनं नाई."

मनोहरने मान हलवली.

"नाईतं राहू दे. मीच सांगतो. पाचले सुटते छापखाना, तू बस इथंच. मले एकट्याले आता ते रस्ते उमजाचे नाई."

मनोहर दाराजवळच्या बाकावर बसला. पिशवी मांडीवर घेतली. रुपरावांनी गॅली पुढे ओढली, खाकरले आणि प्रेमिलाकडे न पाहता म्हणाले, "चाल. हे पान तरी होऊ दे."

प्रेमिलाने कागद उचलला. कुंभारीण कोल्ह्याला मडकं विकू लागली तसा मनोहर बाकावरून उठायला लागला. ओळ संपली. रुपरावांचे ओठ उघडले आणि मिटले. त्यांनी टेबलावर पेन्सिल ठोकली.

प्रेमिला क्षणभर थांबली, मग पुढची ओळ वाचू लागली. मनोहर परत खाली बसला.

दुसऱ्या ओळीला पेन्सिलीचं टोक मोडलं. रुपरावांनी ती उलटी धरली.