क्लच नसलेली गाडी

क्लच गाडीच्या दोषानं नाही, चालवणाऱ्याच्या सवयीनं जळला, असं वर्कशॉपच्या टायवाल्या मॅनेजरनं सांगितलं आणि सांगताना तो ज्योत्सनाच्या डाव्या पायाकडं बघत होता. पायात लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, त्यावर जाड तळाचा बूट. साडीखालून दिसायचं तेवढं दिसत होतं. ज्योत्सनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"देखो मॅडम," मॅनेजर म्हणाला, "ऑटोमॅटिकमध्ये पेडल नसते, पण क्लच असतो. तुमच्या पायाऐवजी मशीन दाबते, एवढंच. तुम्ही चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरत असाल. घासून घासून जळतो मग. वॉरंटीत बसत नाही. पूर्ण सेट बदलावा लागेल. साठ धरून चाला."

"साठ काय?" लिलाधरनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"हजार."

"तीन वर्षं झाली मी चालवून राहिली," ज्योत्सना म्हणाली. "इतके दिवस नाही जळला, अन् आताच काहून जळला?"

"तुम्ही दोन्ही पाय वापरता का गाडी चालवताना?"

"एकच वापरते. दुसरा कसा वापराचा, थे तुमीच सांगा."

मॅनेजर हातातल्या कागदात बघू लागला. लिलाधरनं मात्र बायकोची बाजू घ्यायची सोडून मॅनेजरकडं बघत मान डोलावली. जसं काही त्याला हे आधीपासूनच माहीत होतं.

लहानपणी पोलिओनं ज्योत्सनाचा डावा पाय नेला. ती शिकली, नर्स झाली, भंडाऱ्याच्या पलीकडं एका गावातल्या उपकेंद्रात तिला नोकरी लागली. कारध्यात लग्न होऊन आली तेव्हापासून लिलाधर तिला मोटारसायकलवर सोडायचा आणि आणायचा. म्हणजे त्याला सवड असली तर. पाचला सुटलेली ज्योत्सना सात वाजेपर्यंत उपकेंद्राच्या पायरीवर बसून राहायची, आणि हा नदीवर जाळं लावून, हातपाय धुऊन, चहा पिऊन निवांत यायचा. "आलो ना," म्हणायचा. जसे उपकारच केले. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. कोणी हात दिला तर चढायची, आणि रोज कोणाचा तरी हात धरायची तिला चीड होती.

म्हणून तिनं स्वतःच्या पगारावर कर्ज काढून ही गाडी घेतली. ऑटोमॅटिक, कारण डाव्या पायाला त्यात काही काम नव्हतं. भाचीनं शिकवलं तिला. पहिल्या दिवशी एकटीनं वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा ती गाडीतच मोठ्यानं रडली होती, आनंदानं. घरात मात्र कोणाला ते रुचलं नाही. भासरे मुरारी, म्हणजे लिलाधरचे थोरले भाऊ, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, "क्लच नाही, गेर टाकाचं काम नाही. हे काय गाडी आहे? पाळणा आहे."

म्हणाले ते लिलाधरला. ज्योत्सनाशी ते थेट बोलत नसत आणि ज्योत्सनाही त्यांच्याशी बोलत नसे. या घरची तशी रीतच होती. भासऱ्यापुढं डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं असेल तर सासूच्या किंवा नवऱ्याच्या तोंडून. ती समोर बसलेली असली तरी मुरारी म्हणायचे, "लिलाधर, तिले सांग." आणि लिलाधर सांगायचा, जसं तिला ऐकूच आलं नव्हतं.

तर ती गाडी सोमवारी सकाळी पुलाच्या मध्यावर मेली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मागं ट्रकांची रांग लागली. एक ट्रकवाला खाली उतरून आला, आत डोकावला, कॅलिपर पाहिलं आणि म्हणाला, "पैर नहीं है तो काय को चलाती हो?" हे वाक्य तिच्या डोक्यात आठवडाभर ठणकत राहिलं.

आदल्या दिवशी रविवार होता, पल्स पोलिओचा. आरोग्य केंद्राची जीप तिला घ्यायला आली होती, म्हणून गाडी दिवसभर घरीच उभी होती. संध्याकाळी परत आल्यावर तिला पायाखालच्या चटईवर ओली रेती दिसली होती, मागच्या बंपरला जलपर्णीचा एक झुपका लटकलेला होता. तिनं सासूला विचारलं. बेबीबाई जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाल्या, "पोट्टे खेळले असन बाजूचे." मनाला पटलं नव्हतं, पण ज्योत्सना तेव्हा थकली होती.

वर्कशॉपमधून परत आल्यावर घरात बैठक बसली. मुरारी अंगणात खाटेवर, बेबीबाई उंबऱ्यात, लिलाधर भिंतीला टेकून. ज्योत्सना आत, दाराच्या आड, स्टुलावर.

"लिलाधर, तिले सांग," मुरारी म्हणाले, "हे गाडी तिच्या बसची नाही. आज क्लच जाळला, उद्या कोनाच्या अंगावर घालन. माह्या पाह्यण्यात एक गिऱ्हाईक आहे. जशी आहे तशी नेतो म्हणते. इकून टाकू."

"अन् ड्यूटीवर कशी जाऊ?" ज्योत्सनानं सासूला विचारलं.

"लिलाधर सोडन ना, पह्यले सोडे तसा," बेबीबाई म्हणाल्या. "का जीव चालला होता तेव्हा तुहा?"

"माह्या नावानं आहे गाडी. मी इकनार नाही. दुरुस्त करीन."

"पाह्य! भासऱ्यापुढं तोंड वर करून बोलते!"

"साठ हजार झाडाले लागले का?" लिलाधर खेकसला. "चालवता येत नाही, अन् ऐट पाहा! मॅनेजरनं तोंडावर सांगतलं ना तुले, तुह्यामुळं जळला म्हणून."

तीन वर्षांत एक ओरखडा पाडला नव्हता तिनं गाडीला, पण आता तिलाही वाटू लागलं होतं की खरंच आपल्याच पायानं काही तरी चुकलं असेल. त्या रात्री तिनं अंथरुणात पडल्या पडल्या उजवा पाय हवेत दाबून पाहिला. ब्रेक, ॲक्सिलरेटर, ब्रेक. स्वतःच्याच पायाची अशी झडती घ्यावी लागली याचा तिला फार राग आला.

मुरारींना वेगळाच राग होता. वर्कशॉपनं गाडी नुसती उघडून पाहायचे पैसे लावले होते आणि ते दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला गाडी दाखवता येत नव्हती. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष होते ते. भंडाऱ्यात आपल्याला कोण ओळखत नाही, असा त्यांचा समज होता. "चोट्टे आहेत साले," ते म्हणाले. "क्लचच नाही त जळन काय? मी येतो. पाहातो कोन पैसे मांगते थे."

दुसऱ्या दिवशी तिघं पिकपनं वर्कशॉपला गेले. पिकप मुरारींची, मासळी वाहायची. चालवत मुरारी, मध्ये लिलाधर, खिडकीशी अंग चोरून ज्योत्सना.

मुरारींनी आत शिरताच तोंडाचा पट्टा सुरू केला. मॅनेजर शांतपणे तेच तेच सांगत होता. क्लच असतो, जळला आहे, उघडल्याचा चार्ज लागेल. मुरारींचा आवाज चढत गेला. कामावरची पोरं हातातले पाने ठेवून बघू लागली.

"कोनाले शिकवून राहिला बे तू?" मुरारी गरजले. "तीस वर्षं झाली मी गाड्या चालवून राहिलो. क्लच असता त मी हे गाडी डोंग्याले लावली असती काय? मले का अक्कल नाही? वजन वढलं त क्लच जळते, म्हणूनच त माही पिकप घरी ठेवली! दिवाळीत नवा क्लच टाकला तिले. हिच्या गाडीले क्लच नाही म्हणून हेच नेली. सोसायटीचा लोखंडी डोंगा जलपर्णीत फसला होता, अर्धा रेतीनं भरला होता. घाटाच्या चढावर वढत आनला या गाडीनं! इचार याले, लिलाधरले! थो मांगून ढकलत होता!"

कामावरचा एक पोरगा फिस्सकन हसला.

"डोंगा? नाव खिंची इससे?" मॅनेजरनं विचारलं आणि आपल्या टायची गाठ सैल केली. "मग बरोबर आहे."

मुरारींना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते उगाचच गाडीच्या टायरकडं बघू लागले.

ज्योत्सनानं लिलाधरकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. ओली रेती, बंपरचा झुपका, सासूनं न बघता दिलेलं उत्तर, सगळं तिच्यापुढं उभं राहिलं. किल्ली खिळ्यावरून बेबीबाईंनीच काढून दिली असणार. भासऱ्यांचं ठीक, त्यांना ती कधी आपली वाटलीच नव्हती. पण हा माणूस रविवारी तिच्या गाडीमागं उभा राहून डोंगा ढकलत होता आणि मंगळवारी मॅनेजरपुढं मान डोलावून तिच्या पायावर आळ घेऊ देत होता. क्लच जळाल्याचं तिला जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं या मानेचं वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली. लुळ्या पायाचीसुद्धा.

तिनं डोक्यावरचा पदर खाली ओढला आणि खांद्यावर घेतला.

"भाऊजी," ती म्हणाली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. "डोंगा वढतानी जळका वास आला होता का नाही?"

मुरारी दचकले. "लिलाधर, तिले सांग..."

"लिलाधरले नोका सांगू. मी इथंच आहो, तुमच्यासमोर. मले सांगा. वास आला होता का नाही?"

"आला होता," मुरारी पुटपुटले. "मले वाटलं, टायराचा असन."

"अन् तुमाले?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मले बी आला होता."

"मंग बोलले काहून नाही?"

"दादा होता ना," लिलाधर म्हणाला.

एवढंच होतं त्याच्यापाशी. ज्योत्सनाला वाटलं होतं, काहीतरी मोठं कारण निघेल, भीती, लालूच, निदान आकस. निघालं ते हे.

ती मॅनेजरकडं वळली. "काम सुरू करा. बिल यांच्या नावानं बनवा," तिनं मुरारींकडं बोट केलं.

"हे काय लावलं?" मुरारी उसळले. "घरची गोष्ट घरी..."

"घरची गोष्ट तुमीच आनली इथं, वरडून वरडून. गाडी माह्या नावानं आहे. मले न इचारता नेली, मोडली, अन् माह्यावर ढकलली. पोलीस ठाणं इथून जवळ आहे. सोसायटीचं इलेक्शन बी जवळच आहे ना तुमचं?"

मॅनेजरनं कागद पुढं केला, मुरारींनी सही केली. सामान पुण्याहून यायला पंधरा दिवस लागतील, असं मॅनेजर म्हणाला.

"तवरिक तुले मी सोडत जाईन मोटारसायकलनं," लिलाधर हळूच म्हणाला. आवाजात आता लाडीगोडी आली होती.

"तुमच्या मोटारसायकलवर मी बसनार नाही. पिकप आहे ना, नवा क्लच टाकलेली? सकाळी आठले दारात लावजा, भाऊजी. तुमीच चालवान. गाडी येवोपर्यंत."

दुसऱ्या दिवशी आठला पिकप दारात लागली. कारध्याची अर्धी गल्ली कामं टाकून बघत होती. पिकपची पायरी उंच. मुरारी खाली उतरले, मागून मासळीचा रिकामा ट्रे काढून त्यांनी तो पालथा तिच्या पायाशी ठेवला आणि दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. ज्योत्सना ट्रेवर चढली, दाराची मूठ धरून आत बसली. हात कोणाचा मागितला नाही. बेबीबाईंनी दारातूनच कपाळ बडवून घेतलं.

संध्याकाळी पाचला उपकेंद्राबाहेर हॉर्न वाजला. लसींच्या फ्रिजचं कुलूप ज्योत्सनानं आधीच लावलं होतं. ते तिनं पुन्हा ओढून पाहिलं, सुईण बाईशी चार गोष्टी केल्या, कॅलिपरचा पट्टा सोडून नव्यानं बांधला. हॉर्न दोनदा वाजला, मग बंद झाला. ती बाहेर आली तेव्हा मुरारी स्टीअरिंगवर हात ठेवून मुकाट बसले होते. "आली ना," ती म्हणाली.

पुलावर ट्रकांची रांग लागली होती. नेमकी त्याच जागी, जिथं तिची गाडी मेली होती, पिकप अडकली. मुरारी गाडी इंच इंच पुढं सारत होते, डावा पाय क्लचवर अर्धा दाबून. आपल्या डाव्या पायाला नसलेलं ते काम ज्योत्सना थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं पदर खांद्यावर नीट केला.

"भाऊजी, पाय काढा क्लचवरून," ती म्हणाली. "जळते थो."

मुरारींनी चटका बसल्यासारखा पाय उचलला. पिकपनं एक गचका खाल्ला आणि ती जागच्या जागी बंद पडली. मागचा ट्रक बोंबलू लागला. मुरारी घाईघाईनं किल्ली फिरवत होते, इंजिन काही लागत नव्हतं.

ज्योत्सनानं खिडकीची काच खाली केली आणि नदीकडं पाहत बसली. तिला काहीच घाई नव्हती.