माझ्या पोटातल्या कढया

मित्रांनो, माझ्या पोटात या घडीला दोन कढया, एक तवा आणि शिट्टी हरवलेला कुकर आहे. तरी मी कपाट नाही हो! मी ओव्हन आहे, विजेवरचा, वयानं बराच जुना. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात, विद्यार्थ्यांच्या एका इमारतीत माझं आयुष्य चाललं आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! पहिल्या भाडेकरूंनी माझ्यात पाव भाजले, सणावारी केक भाजले, चारचौघांत माझं कौतुक केलं. मग आपली मराठी मुलं राहायला आली. डोक्यावरच्या शेगड्यांवर रोज फोडण्या, आणि पोटात भांडी. दार लागलं की आत नुसता अंधार. तापायचं कसं हेच मी विसरत चाललो होतो.

२००३ साली यशोधन लग्न करून शरयूला घेऊन आला. तो दिवसभर लॅबमध्ये. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, तिला गाडी चालवता येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. बर्फ पडायला लागल्यावर तर ती खिडकीपाशीच बसून राही. मी आत कोंडलेला, ती बाहेर कोंडलेली. एकदा ती फोनवर आईला म्हणाली, "मला इथं नाही राहवत गं. तिकीट काढून येतेच मी." मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या डॉरथी आजींचं बोलावणं आलं. रविवारी इमारतीतल्या सगळ्यांनी घरी भाजलेल्या कुकीज घेऊन जमायचं होतं. शरयूनं मनाशी ठरवलं, एवढं एक करून बघायचं. नाही जमलं तर सरळ नागपूरला, आईकडे. बाजारात एका आमिश बाईनं तिला साध्या शुगर कुकीजची कृती सांगितली होती. लोणी, तेल, साखर, अंडी, मैदा. गोळा करायचा आणि साखरेत बुडवलेल्या पेल्याच्या बुडानं दाबायचा. या आमिश पंथाच्या लोकांच्या घरात वीजच नसते, ती बाई म्हणे विजेशिवाय भाजते. आणि मी विजेचा असून गारठलेला!

"रेडीमेड आण ना यार," यशोधन म्हणाला. "ओव्हन कुठे यूज करतो आपण? ते आपलं कपाट आहे."

"घरीच करायच्यात," शरयू म्हणाली.

शनिवारी दुपारी तिनं कढया काढून पलंगावर ठेवल्या आणि माझं बटण फिरवलं. कितीतरी वर्षांनी माझ्या तारा लाल झाल्या! पण मागच्या कोपऱ्यात पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा तसाच राहिला होता. मला सांगता येईना. डबा वितळला, धूर झाला, अलार्म बोंबलायला लागला आणि अख्खी इमारत बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली. आता ही जाणार, असं मला वाटलं.

बाहेर काय झालं ते मला रविवारी संध्याकाळच्या फोनवरून कळलं. "आई, मी पिठाच्या हातांनी रडत उभी. तर डॉरथी आजी म्हणाल्या, मी एकदा भिजलेले बूट सुकवायला ओव्हनमध्ये ठेवले आणि विसरले! सगळे हसले गं. मग म्हणाल्या, पीठ उरलंय ना? मग रडतेस कशाला? वर येऊन माझ्याबरोबर ओव्हन खरवडत बसल्या. आणि आज माझ्या कुकीज आधी संपल्या! आई, तिकीट राहू दे."

पुढची तीन वर्षं मी पोटभर तापलो. मग यशोधनला दूरच्या पिस्कॅटवे गावी नोकरी लागली. जाताना शरयूनं मला आतून स्वच्छ पुसलं आणि रिकामं ठेवलं.

नवा भाडेकरू प्रथमेश. त्यानं पहिल्याच दिवशी दार उघडलं आणि म्हणाला, "वा, काय मोठं कपाट आहे!"

सध्या तो कॉलेजातून येतो, उभ्यानंच जेवतो, कुणाशी बोलत नाही. काल फोनवर तोही तिकिटाचं विचारत होता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्याच्याकडे गेलात, तर माझं एवढं काम करा. कढया बाहेर काढा. मागच्या कोपऱ्यात हात घालून बघा, तोवर त्यानंही पोळ्यांचा डबा ठेवला असेल. मग बटण फिरवा, आणि खालचं दार वाजवून डॉरथी आजींना वर बोलवा.